‘मार्चमध्ये कुंडी बदला’ हे वाक्य कुठल्या हवेसाठी लिहिलंय?

फेब्रुवारी संपत आला की सोसायटीच्या ग्रुपवर बागकामाच्या याद्या फिरायला लागतात. ‘वसंत आला, कुंड्या बदला, छाटणी करा, बिया पेरा, खत द्या.’ कोलशेतला आता टॉवरच टॉवर झालेत आणि बहुतेक बाल्कन्यांत चार-दोन कुंड्या असतातच, त्यामुळे या याद्या वाचणारेही भरपूर. माझं काम झाडं आणि पाणी यांच्या नात्यावर आहे हे शेजाऱ्यांना माहीत असल्यामुळे लिफ्टमध्ये विचारणा होते, ‘हे खरं आहे का गं?’ माझं उत्तर ठरलेलं आहे. खरं आहे, पण कुठे?

पीएच.डी.च्या तयारीत असलेल्यांसाठी हा ‘कुठे’ फार महत्त्वाचा. सिनॉप्सिसमध्ये आपण लिहितो, ‘अमुक देशातल्या अमुक अभ्यासाची पद्धत ठाणे जिल्ह्यात वापरणार.’ समितीतलं कुणीतरी विचारतं, ‘ती पद्धत इथे लागू होईल असं का वाटतं?’ आणि इथे बरेच जण गप्प होतात. बागकामाची यादी हा या प्रश्नाचा उत्तम सराव आहे. प्रत्येक सूचनेमागे एक कारण असतं, आणि ते कारण एका विशिष्ट हवेत खरं असतं. सूचना पाठ करण्यापेक्षा कारण शोधायचं आणि ते आपल्याकडे आहे का ते तपासायचं.

आधी मूळ यादी समजून घेऊ. ती ब्रिटनसारख्या थंड प्रदेशातली आहे. तिथे हिवाळ्यात झाडाची वाढ कशाने अडते? थंडीने आणि उजेडाच्या कमतरतेने. पाणी अडत नाही, उलट हिवाळाभर पडलेल्या पावसाने माती भिजलेली असते. मार्च-एप्रिलमध्ये दिवस मोठा होतो, माती तापते, आणि अडलेली वाढ एकदम मोकळी होते. म्हणून तिथला माळी शेवटचं दहिवर कधी पडेल ती तारीख धरतो आणि तिच्यापासून मागे-पुढे मोजून पेरणी, छाटणी, कुंडी बदलणं ठरवतो. झाड जोमात येणार असतं, हवा गार आणि दमट असते, जखम लवकर भरते. यादी अगदी शहाणी आहे.

आता कोलशेत. अक्षांश साधारण १९.२ उत्तर. जानेवारीची पहाट कितीही गारठ्याची वाटली तरी दहिवराचा प्रश्नच नाही. पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. मुंबईत मोसमी पाऊस पोचण्याची हवामान खात्याची सरासरी तारीख ११ जून आहे. म्हणजे मार्चमध्ये आपण आठ महिन्यांच्या कोरड्या काळाच्या अर्ध्याहून पुढे आलेले असतो, आणि उरलेला भाग जास्त तापलेला असतो. आपल्या पंचांगातला वसंत म्हणजे चैत्र-वैशाख, साधारण मार्चअखेर ते मे. त्याला घरात आपण सरळ उन्हाळाच म्हणतो. इथे वाढ अडवणारा घटक थंडी नाही, पाणी आहे, आणि वसंत तो घटक सैल करत नाही, आणखी आवळतो.

इथे कुणी हुशार वाचक हात वर करेल. ‘ताई, मग येऊरच्या जंगलात पळस-पांगारा याच दिवसांत कसे फुलतात? कोशिंबाला लालभडक पालवी मार्चमध्येच कशी फुटते? चैत्रपालवी हा शब्द काय उगाच आलाय का?’

शंका रास्त आहे, आणि तिच्यावर चांगलं संशोधन झालंय. २००२ साली रिवेरा, बोर्चर्ट आणि सहकाऱ्यांनी ‘ट्रीज’ या नियतकालिकात एक पेपर लिहिला. अर्जेंटिना, कोस्टारिका, जावा, थायलंड आणि मध्य ब्राझील इथल्या कोरड्या ऋतूच्या जंगलांत ५० हून अधिक जातींची झाडं वसंतसंपाताच्या आसपास, पहिल्या पावसाच्या कित्येक आठवडे आधी, एकाच वेळी पालवतात असं त्यांनी दाखवलं. पाऊस नाही, तरी पालवी. त्यांच्या मते खूण मिळते ती दिवसाच्या लांबीतून, आणि अर्ध्या तासाची किंवा त्याहूनही कमी वाढ त्यासाठी पुरते. त्यांचा युक्तिवाद बघण्यासारखा आहे. उत्तर आणि दक्षिण गोलार्धांतली पालवी बरोबर सहा महिन्यांच्या फरकाने येते, आणि दरवर्षी तारखा फारशा हलत नाहीत. पाऊस तर दरवर्षी मागे-पुढे होतो, मग इतकी नेमकी खूण पावसाची कशी असेल? फिनॉलॉजीत, म्हणजे झाडांच्या वेळापत्रकात, काम करायचं असेल तर हा पेपर मुळातून वाचा. प्रयोग न करता, निव्वळ निरीक्षणांच्या मांडणीतून एक कारण कसं बाद करत जातात ते त्यात दिसतं.

ठाण्यात डिसेंबरच्या शेवटी दिवस साधारण ११ तासांचा असतो, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात १२ तासांचा, जूनमध्ये सव्वातेराच्या घरात. म्हणजे वसंताची खूण आपल्याकडेही आहे. मग फरक कुठे पडतो? येऊरच्या झाडाची मुळं खोल गेलेली असतात, खोडातही पाण्याचा साठा असतो. त्या साठ्याच्या भरवशावर ते पालवी काढतं. तुमच्या कुंडीतल्या झाडाकडे काय आहे? कुंडी.

हिशेब करून बघू, कारण ‘कुंडी लवकर सुकते’ हे सगळ्यांना माहीत असतं, पण किती लवकर ते फार जण मोजत नाहीत. समजा १० लिटर मातीची कुंडी आहे. भरपूर पाणी घालून निथळू दिल्यावर त्या मातीतलं झाडाला ओढता येईल असं पाणी पाव भाग धरू. अडीच लिटर. झाडाचा पसारा वरून पाहिला तर ०.१५ चौरस मीटर. उन्हाळ्यात दिवसाला ६ मिलिमीटर पाणी उडतं असं धरलं, तर एक चौरस मीटरवरचं एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर, या हिशेबाने रोज ०.९ लिटर. साठा तीन दिवसही पुरत नाही. हे आकडे मी धरलेले आहेत, तुमच्या बाल्कनीचे वेगळे येतील. पण आकडे दीडपट-दुप्पट इकडेतिकडे झाले तरी निष्कर्ष बदलत नाही. अंदाजी हिशेबाचा उपयोग तोच असतो. कुठला आकडा अचूक मोजायची गरज आहे आणि कुठल्याची नाही, हे आधी कळतं.

वर मार्चची एक खास खोड. मुंबई-ठाण्यात दिवसाचा पारा कुठे थांबणार ते समुद्रावरचा वारा किती वाजता आत येतो यावर बरंचसं अवलंबून असतं. पूर्वेकडून कोरडा वारा जोरात असला की समुद्रवारा उशिरा येतो आणि दुपार भाजून निघते. सांताक्रूझला २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंशांची नोंद झाली होती, एप्रिल-मे उजाडायच्या आधी. कोलशेत तर समुद्रापासून आत, येऊरच्या डोंगराच्या पूर्वेला. खाडी शेजारी असली तरी समुद्रवारा इथवर यायला आणखी वेळ लागतो.

अशा दुपारी झाडाच्या दृष्टीने काय बदलतं? नुसतं तापमान सांगून भागत नाही. हवेत आणखी किती बाष्प मावू शकतं ते बघायचं, त्याला बाष्पदाबाची तूट म्हणतात. सोपं नाव, हवेची तहान. ३२ अंश आणि ६० टक्के आर्द्रता असताना ही तूट साधारण १.९ किलोपास्कल येते. ४० अंश आणि २० टक्के आर्द्रता धरली तर ५.९. पारा आठ अंश चढला, हवेची तहान तिप्पट झाली. पानाने पर्णरंध्रं उघडी ठेवली तर पाणी भसाभस जातं, मिटून घेतली तर अन्न तयार होणं थांबतं आणि पान तापतं. मुळं शाबूत असतील तर झाड या कात्रीतून कसंबसं निभावतं.

कुंडी बदलताना आपण नेमकी मुळंच तोडतो. पाणी ओढण्याचं बरंचसं काम टोकाच्या बारीक मुळांचं, आणि माती झटकताना तीच जातात. ती पुन्हा यायला दोन-तीन आठवडे जातात. गार, दमट हवेत हे आठवडे झाड सहज काढतं. आपल्याकडे ते मार्चअखेरीस आले तर पुरवठा सगळ्यात कमी आणि मागणी सगळ्यात जास्त अशी गाठ पडते. म्हणून माझं मत असं, की मुळं मोकळी करून माती बदलायची असेल तर फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात उरका आणि नंतर दोन-तीन आठवडे कुंडी सावलीत ठेवा. नाहीतर पाऊस लागून हवा दमट होईपर्यंत, म्हणजे जूनअखेर-जुलैपर्यंत, थांबा.

पण झाडाची मुळं कुंडीभर गोल गुंडाळली गेलीत आणि मार्च उजाडलाय, तर? तर मुळांना हात न लावता सगळा गोळा तसाच मोठ्या कुंडीत बसवा आणि भोवती नवी माती भरा. यात जखम जवळपास नाही, उलट पाण्याचा साठा वाढतो, आणि एप्रिलमध्ये तोच हवा असतो. बघा, ‘मार्चमध्ये कुंडी बदला’ आणि ‘मार्चमध्ये कुंडी बदलू नका’ ही दोन्ही वाक्यं एकाच बाल्कनीत खरी ठरू शकतात. ‘कुंडी बदलणं’ या एका शब्दाखाली दोन वेगळ्या क्रिया लपल्या होत्या. संज्ञेची व्याख्या आधी करा असं गाईड कानीकपाळी ओरडतात, ते यासाठीच.

जाता जाता, कुंडीच्या तळाशी खडीचा थर घातला की पाण्याचा निचरा सुधारतो हा समज सोडून द्या. भोकावर एखादी खापरी ठेवलीत तर ठीक. पण कुंडीतल्या मातीच्या तळाशी पाण्याने भरलेला एक पट्टा राहतोच, आणि त्याची उंची मातीच्या पोतावर ठरते. खाली खडी घातली की तोच पट्टा वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ.

छाटणीचं प्रकरण तर फारच मजेदार आहे. एकाच बाल्कनीतल्या दोन कुंड्या घ्या, मोगरा आणि बोगनवेल. मोगऱ्याची फुलं नव्या फुटव्यांवर येतात. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत छाटून खत-पाणी दिलं तर मार्च ते मे मोगरा घमघमतो. बोगनवेल मात्र कोरड्या दिवसांत, पाण्याचा थोडा ताण बसल्यावर बहरते. मार्चमध्ये ती रंगात आलेली असते, तेव्हा कात्री लावली तर बहरच कापून टाकाल. तिची छाटणी बहर ओसरल्यावर, पावसाच्या तोंडाशी. महिना तोच, घर तेच, कृती उलट. ‘वसंतात छाटणी करा’ या वाक्यात झाडाचं नाव नाही आणि फूल कुठल्या फांदीवर येतं तेही नाही, मग ते लागू कसं व्हावं?

महाराष्ट्राने हा धडा मोठ्या प्रमाणावर कधीच गिरवलाय, द्राक्षात. युरोपात द्राक्षवेल थंडीत झोपते आणि वर्षातून एकदा, त्या झोपेत, छाटतात. नाशिक-सांगलीकडे वेल तशी झोपतच नाही. म्हणून आपल्याकडे दोन छाटण्या आणि पीक एक. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी. त्यानंतर येणाऱ्या नव्या काड्यांत, उन्हाळ्याच्या भरपूर उजेडात, पुढच्या घडांची बीजं डोळ्यांमध्ये तयार होतात. मग ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, आणि ते डोळे फुटून घड बाहेर येतात. युरोपातलं वेळापत्रक उचलून आणलं असतं तर हे जमलं नसतं. या कामात बागायतदारांनी स्वतः केलेल्या प्रयोगांचा मोठा वाटा आहे. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर पेशाने गणिताचे प्राध्यापक. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला, आणि त्यात द्राक्षबागायतदार आपल्याच बागेत प्रयोग करून एकमेकांना निष्कर्ष सांगत. संशोधन म्हणजे प्रयोगशाळाच, असं वाटणाऱ्यांनी त्यांच्याविषयी जरूर वाचा.

पेरणीचं थोडक्यात सांगते. मेथी-पालक फेब्रुवारीनंतर लांब दिवस आणि उष्णतेमुळे फुलोऱ्यावर जातात, त्यांच्यामागे लागू नका. भेंडी, गवार, काकडी, माठ फेब्रुवारीत पेरता येतात. कोकणात अक्षय तृतीयेला आळी करून वेलभाज्यांचं बी लावायची रीत आहे. तिच्यामागचा हिशेब मला फार आवडतो. आळ्यात हाताने घालण्याइतकंच पाणी लागतं, वेल पाऊस येईस्तोवर मुळं धरतो, आणि जूनमध्ये मोफत पाणी सुरू होतं तेव्हा तो धावायला तयार असतो. ब्रिटिश माळी शेवटच्या दहिवरापासून मोजतो, कोकणी माणूस पहिल्या पावसापासून उलटा मोजतो. पद्धत एकच, फक्त शून्य वेगळ्या ठिकाणी.

आता ज्या मुद्द्याकडे लोक सर्रास दुर्लक्ष करतात तो, बाल्कनीची दिशा. ‘उन्हाळ्यात कुंड्या सावलीत हलवा’ ही सूचना घ्या. कोलशेतला डिसेंबरच्या शेवटी माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे, क्षितिजापासून साधारण ४७ अंशांवर असतो. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात ७१ अंशांवर. मेच्या मध्यावर तो बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस तो हाच. दक्षिणेकडची बाल्कनी आहे, वरचा स्लॅब तिच्या कडेपर्यंत आलाय आणि उंची ३ मीटर आहे असं धरा. ऊन आत किती येईल? उंची भागिले त्या कोनाचा टॅन. डिसेंबरात सुमारे २.८ मीटर, मार्चमध्ये १ मीटर, मेच्या मध्यावर शून्य.

म्हणजे दक्षिणेच्या बाल्कनीत उन्हाळ्यात ऊन आपोआप कमी होतं! तिथे मिरची-भेंडी आत सरकवलीत तर ती उजेडाअभावी लांबट, मरतुकडी होतील. त्यांना उलट कठड्याशी आणायला हवं. पश्चिमेच्या बाल्कनीचं गणित निराळं. तिथे तिरपं ऊन दुपारी दोन-तीननंतर, हवा सगळ्यात तापलेली असताना, थेट आत घुसतं, आणि वरचा स्लॅब काही कामाचा नसतो. तिथे हिरवी जाळी लावाच. शेजाऱ्याचा सल्ला तुमच्याकडे का चालत नाही याचं उत्तर पुष्कळदा एवढंच असतं. तो समोरच्या विंगमध्ये राहतो.

किडीचं एका वाक्यात. उष्ण, कोरड्या हवेत जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण आणि पानांखालचे लाल कोळी वाढतात, तेव्हा पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारत राहा, आणि निंबोळी तेल वापरायचं तर संध्याकाळीच.

खरा प्रश्न पाण्याचा. ठाण्याचं पाणी भातसा आणि उल्हास या नद्यांवरून येतं, आणि एप्रिल-मेमध्ये ‘पिण्यापुरतं वापरा’ अशी नोटीस लिफ्टशेजारी लागली की पहिली गदा कुंड्यांवर येते. म्हणून आच्छादन, म्हणजे मातीवर पालापाचोळा किंवा नारळाच्या शेंड्यांचा थर. सगळे सांगतात, घाला. पाणी किती वाचतं? हा प्रश्न तुम्ही स्वतः, बॅगेचं वजन करायच्या लटकत्या काट्यावर, सोडवू शकता.

आधी प्रश्न नीट लिहा. ‘आच्छादन चांगलं का?’ हा संशोधनाचा प्रश्न नाही. ‘एप्रिलमध्ये, पश्चिमेच्या बाल्कनीत, १० लिटरच्या कुंडीतल्या मिरचीला दोन इंच आच्छादन दिलं, तर २४ तासांत घटणारं वजन किती कमी होतं?’ हा आहे. बारा कुंड्या घ्या. सहा या टोकाला आच्छादनवाल्या आणि सहा त्या टोकाला उघड्या, असं करू नका. एका टोकाला वारा जास्त असेल तर तुम्ही वारा मोजाल आणि नाव आच्छादनाचं लावाल. शेजारशेजारच्या दोन-दोन कुंड्यांच्या जोड्या करा आणि प्रत्येक जोडीत कुणाला आच्छादन मिळणार ते नाणं उडवून ठरवा. मनाने ठरवू नका, मन नेहमी टवटवीत झाडाची बाजू घेतं. पाणी घालून अर्धा तास निथळू द्या, वजन करा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, पाणी घालायच्या आधी, पुन्हा करा. एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर.

दहा दिवस केलंत की १२० नोंदी होतील, आणि इथे मोह होतो. ‘नमुना संख्या १२०’ असं लिहायचा! ती १२० नाही. आच्छादन तुम्ही कुंडीला दिलंत, दिवसाला नाही. स्वतंत्र जोड्या सहाच, बाकी त्याच कुंड्यांची पुन्हा-पुन्हा घेतलेली वजनं. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये या गफलतीला ‘स्यूडोरेप्लिकेशन’ हे नाव दिलं, आणि त्यांच्या त्या लेखानंतर प्रयोगाची आखणी तपासताना पर्यावरणशास्त्रात हा प्रश्न हमखास विचारला जातो. तुमच्या तोंडी परीक्षेतही विचारला जाईल.

आणखी एक मेख आहे. घटलेल्या वजनात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात, मातीवरून उडालेलं पाणी आणि पानांतून गेलेलं पाणी. आच्छादन फक्त पहिलं अडवतं. माती ओली राहिल्यामुळे झाड दुसरं थोडं वाढवूही शकतं, आणि मग एकूण फरक तुमच्या अपेक्षेपेक्षा लहान दिसेल, तरी झाड मात्र जास्त खुशीत असेल. हे वेगळं काढायचं तर झाड नसलेल्या, नुसत्या मातीच्या चार कुंड्या, दोन आच्छादनाच्या आणि दोन उघड्या, सोबत ठेवा. आणि काय निष्पन्न होईल असं वाटतं ते पहिल्या वजनाच्या आधी वहीत तारखेसह लिहून ठेवा. काटा ५० किलोपर्यंतचा, १० ग्रॅमपर्यंत दाखवणारा असला तरी या कामाला पुरतो. कुंडीला दोरीचा फास आधीच बांधून ठेवा, रोज नव्याने बांधत बसलात तर चौथ्या दिवशी कंटाळा येईल.